डाव्या कानाचा रोग

‘सालईटेकडी येथील श्री. बंडूजी यांच्या शेडमधील अकरा डुकरांची सोमवारी प्रत्यक्ष तपासणी करण्यात आली. तीन प्रौढ जनावरे निरोगी आढळली. आठ पिल्लांच्या डाव्या कानावर जांभळे डाग आढळले. हे घातक साथीचे लक्षण होय. साथ पसरू नये म्हणून सर्व अकरा जनावरे गुरुवारी सकाळी नष्ट करून पुरण्यात येतील.’

मंगळवारी शेडच्या खांबावर चिकटवलेली ही नोटीस गुंजनने तीनदा वाचली. ती बारा वर्षांची होती आणि सुटीत सेवाग्रामहून मामाकडे, म्हणजे बंडूजींकडे, आली होती. शासकीय मराठीचं तिला कुतूहल वाटे. त्या भाषेत कुणीही काही करत नाही, सगळं आपोआप ‘करण्यात येतं’.

पण ही साथ असामान्य विद्वान होती. तिला डावं-उजवं कळत होतं. एकाच गव्हाणीत तोंड घालणाऱ्या आईला वगळून ती नेमकी पिल्लांनाच गाठत होती. आणि ‘प्रत्यक्ष’ हा शब्द तर सर्वांत चमत्कारिक होता, कारण सोमवारी दिवसभर मामी, म्हणजे शकुंतलाबाई, शेडमध्येच होत्या आणि त्यांनी एकही साहेब पाहिला नव्हता.

“डाग कायचे?” मामाची मुलगी नलू म्हणाली. “रविवारी आपणच तं कान कातरले.”

बंडूजींची ती रीतच होती. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की ओळखीसाठी डाव्या कानाला खाच पाडायची आणि जखमेवर जांभळं औषध चोपडायचं. मोठ्या तिघांच्या खाचा केव्हाच भरून आल्या होत्या. पांढऱ्या जातीच्या डुकरावर ते औषध लांबूनही उठून दिसे.

नलूचा धाकटा भाऊ स्वप्निल दहा वर्षांचा. सोमवारी एक पांढरी गाडी रस्त्यावर थांबून लगेच निघून गेल्याचं त्याने सांगितलं. रस्ता शेडच्या पूर्वेला होता, गव्हाण दक्षिणेला. गव्हाणीत तोंड घातलेल्या डुकरांचे डावे कानच तेवढे रस्त्यावरून दिसत.

मुलांनी हे बंडूजींना समजावून सांगितलं. नुसत्या गुरगुरण्यावरून कोणत्या डुकराचं पोट बिघडलंय हे सांगणारा तो माणूस शिक्क्यापुढे आपलं सगळं ज्ञान विसरला.

“सरकारी कागद हाय तो, पोरीहो. साहेबानं पाह्यलं असन, तवाच लिहिलं असन ना?”

नलू हळवी नव्हती. ही पिल्लं दिवाळीपर्यंत कसायाकडे जाणार, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. मांसासाठी वाढवलेलं जनावर मांस झालं, तर त्यात फसवणूक नव्हती. एका खोट्या वाक्यासाठी त्याला मातीत घालणं, ही फसवणूक होती. आणि मादीच गेली, तर पुढची वीणही गेली. शेड रिकामी राहणार होती.

बुधवारी भर दुपारी तिघं पुरायची जागा पाहायला कोरड्या नाल्याकडे गेली. मे महिन्यातल्या त्या वेळी गावात सावलीसुद्धा बाहेर पडत नाही. पक्षी गप्प होते. नाल्याच्या वळणावर ताजा खड्डा होता, चौकोनी, नीट कापलेला, कडेला चुन्याची पोती. जवळपास माणूस नव्हता. तरी खड्ड्यातून कुणी श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता: लांब, ओढलेला, मग पुन्हा शांतता.

स्वप्निलने नलूचा हात धरला. “ताई, आत कोन हाय?”

नलूने वाकून पाहिलं. तळाशी अंथरलेला प्लास्टिकचा कागद गरम झुळकीने फुगत होता आणि बसत होता. तेवढ्यात गुंजनचं लक्ष वर गेलं. बाभळीच्या फांदीवर चार पांढरे पोशाख लटकत होते, डोक्यावरच्या टोप्यांसकट. वारा आत शिरला की त्यांना छाती फुटे, हात वर येत. वारा गेला की माणसं संपून जात. चौघंही मुलांकडे तोंड करून होते, आणि कुणालाच तोंड नव्हतं.

परतल्यावर पाहिलं तर शेडही गप्प होती. डुकरांचं खाणं शिजवायची चूल मामीने पेटवलीच नव्हती. अकरा जनावरं गव्हाणीपाशी न ओरडता उभी होती, जणू त्यांनीही नोटीस वाचली होती.

“खाऊ घाल, माय,” नलू कठोरपणे म्हणाली. “अजून मेले नाई ते.”

मामी उठल्या आणि त्यांनी चूल पेटवली.

दुपारच्या बसने नलू आणि गुंजन देवळीला गेल्या. तिथल्या पशुवैद्य डॉक्टर पौर्णिमाताईंनी नोटिशीचा फोटो शांतपणे वाचला. रक्ताचे नमुने कुणी घेतले, असं त्यांनी विचारलं. कुणीच घेतले नव्हते. चाचणीवाचून जनावर मारता येत नाही, पण मी नुसतं तसं म्हटलं तर साहेब आपण नीट तपासल्याचं सांगतील, असं त्या म्हणाल्या. मग गुंजनने आपली योजना सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

“मी सकाळी येते,” त्या म्हणाल्या. “मला हे काही ठाऊक नाही.”

संध्याकाळी तेल आणि साबण घेऊन मुलांनी आठही पिल्लांचे कान चोळून स्वच्छ केले. पिल्लांनी गाव डोक्यावर घेतलं. मग नलूने तीन मोठ्या डुकरांच्या धडधाकट डाव्या कानांना जांभळं औषध फासलं.

गुरुवारी सकाळी नोटीस काढणाऱ्या निरीक्षकांची पांढरी गाडी आली. मागच्या वाहनातून तेच चार पोशाख उतरले. आता त्यांच्यात माणसं होती, पण डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. डॉक्टरही येऊन थांबल्या होत्या. रक्ताच्या नमुन्यांसाठी कोणती जनावरं आजारी, ते आधी दाखवा, असं त्यांनी निरीक्षकांना सांगितलं.

निरीक्षकांनी रुमाल नाकाला लावला आणि रस्त्यावरूनच बोट दाखवलं. “ती तीन. जांभळे कान. सोमवारी मी स्वतः तपासली होती.”

“सोमवारी तं हे तिघं निरोगी होते, साहेब,” गुंजन म्हणाली. “तुमीच लिहिलं. आजारी पिल्लं आठ होती. ते काऊन बरे झाले?”

नलू आत गेली, मादीचा कान अंगठ्याने चोळला आणि जांभळा अंगठा साहेबांच्या रुमालासमोर धरला.

पोशाखांतल्या एकाने टोपी मागे सारली. घामाने भिजलेला, हसू दाबणारा एक साधा माणूस आत होता.

डॉक्टरांनी आदेश थांबवला आणि अकराही जनावरांचं रक्त स्वतः घेतलं. आठवड्याने सगळे निकाल निर्दोष आले. बंडूजींनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला आणि खूप वेळ काढलाच नाही. “मले माह्या डोयानं दिसत होतं,” ते म्हणाले, “तरी म्या कागद पाह्यला. तुमी जनावर पाह्यलं.”

निरीक्षकांचा जबाब मात्र त्या गुरुवारी सकाळीच, शेडच्या दारात घेतला गेला. डॉक्टरांनी तो त्यांच्याच अहवालाच्या मागच्या बाजूला उतरवला, सही घेतली, आणि गुंजनच्या आग्रहावरून एकही शब्द सुधारला नाही:

“मी गाडीतून उतरलो नाही. काचही खाली केली नाही, एसी सुरू होता. डुकरं म्हणजे वास येणारच, असं धरून चाललो. कान जांभळे दिसले, ते लिहिले. दुसरा कान असतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.”