पिवळी घ्यावी की थांबावं?

बुटाची नाडी बांधायला ती पिवळ्या गाडीच्या बॉनेटसमोर खाली वाकली आणि नेमका त्याच क्षणी गाडीचा हॉर्न वाजला. असा काही वाजला, की ती किंचाळली आणि थेट फरशीवर फतकल मारून बसली.

शोरूममधल्या गाडीचा हॉर्न सहसा वाजत नाही हो! बॅटरीच जोडलेली नसते. ती आज सकाळीच मेकॅनिकनं जोडली होती, आणि गाड्या विकणं जिचं काम, तिलाच ते कुणी सांगितलं नव्हतं. दार उघडलं. आतून एक उंच माणूस कसाबसा बाहेर आला. दोनच सीटची बुटकी स्पोर्ट्स कार ती... आधी त्याचं कपाळ छताला आपटलं, मग गुडघा दाराला.

"सॉरी, सॉरी! लागलं का तुम्हाला?"

"मला काय विचारताय? टेंगूळ तुमच्या कपाळावर येतंय."

"येऊ दे. मला वाटलं, हा वाजणारच नाही."

"मग दाबलात कशाला?"

तो खरोखरच विचारात पडला. "वाजत नाही ना... ते बघायला."

ती खो खो हसत सुटली. गिऱ्हाइकासमोर असं हसायचं नसतं, हे तिला हसून झाल्यावर आठवलं. तोवर तो हात पुढे करून उभा होता, तिला उठवायला.

तो पुलांची तपासणी करणारा इंजिनियर होता. दिवसभर हातोडीनं पूल ठोकून बघायचे, आतून पोकळ आवाज येतो का ते ऐकायचं, हे त्याचं काम. तीच सवय इथेही. दारावर टकटक, छतावर टकटक, आणि मग गाडीभोवती एक चक्कर. दर शनिवारी अकराच्या ठोक्याला हजर. रिसेप्शनवालीनं त्याचं नाव 'शनिवारवाले' ठेवलं आणि तो दिसला की ती मुद्दाम खोकायला लागायची.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. ही पिवळी म्हणजे सध्याच्या मॉडेलमधली शेवटची गाडी. आठ महिन्यांनी नवं मॉडेल येणार होतं. नवा आकार, नवं इंजिन, सगळंच नवं.

"तुम्हीच सांगा," तो दर वेळी म्हणायचा, "ही घेऊ की थांबू?"

"हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये म्हणतात."

"आणि पळतं हातच्यापेक्षा चांगलं असेल तर?"

"तर पळणाऱ्यालाच विचारा. मी तर इथे उभीच आहे."

"ते दिसतंय मला," तो म्हणाला, आणि गाडीऐवजी तिच्याकडेच बघत राहिला... तिनं उगाचच फडकं घेऊन स्वच्छ असलेला आरसा पुसला.

असे सहा शनिवार गेले. तिला अजून कळलं नव्हतं, पण रिसेप्शनवालीला कळलं होतं. शुक्रवारी केस धुणारी ही बाई पूर्वी कधी शुक्रवारी केस धूत नव्हती!

सातव्या शनिवारी त्यानं खिशातून पेन काढलं.

"ठरलं. पिवळीच. आणा कागद."

विक्री होतेय आणि विकणारीलाच ती नकोय, असं कधी ऐकलंय? पण तिच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. सही होणार, किल्ली जाणार, हात हलवून 'थँक्यू' म्हणायचं, आणि पुढचा शनिवार... रिकामा.

"थांबा," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणजे... नवी येईपर्यंत थांबा. तिचे ब्रेक चांगले आहेत. छत हिच्यासारखं हातानं नाही, बटणानं उघडतं. आणि उंची वाढवलीय, तुमचं कपाळ वाचेल."

सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त सांगण्यामागचं कारण. पलीकडच्या टेबलावर मॅनेजरच्या हातातला पाण्याचा ग्लास कलंडला.

"तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असेल," शनिवारवाले म्हणाले. परीक्षा पुढे ढकलल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. नव्या गाडीचं बुकिंग करून ते शीळ घालत निघून गेले.

"विकणारे खूप पाहिले," मॅनेजर म्हणाले, "न विकणारी आज पाहिली!"

तिचं लक्षच नव्हतं. आठ महिने म्हणजे किती शनिवार, हे ती बोटांवर मोजत होती.

पुढच्या शनिवारी अकरा वाजले. बारा वाजले. एक वाजला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

"अगं, आता कशाला येतील ते?" रिसेप्शनवालीनं कपाळावर हात मारला. "तूच सांगितलंस ना थांबा म्हणून? माणूस घरी थांबलाय!"

ती आ वासून बघतच राहिली. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय! त्यात पिवळीही गेली. एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, गाडीभोवती एकदाच फिरल्या आणि "हीच" म्हणाल्या. दहा मिनिटांत मामला खलास. चौथ्या शनिवारी दुपारी चार वाजता त्या गाडी न्यायला येणार होत्या.

त्या शनिवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ टॅक्सीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा. कुणाकडे न बघता ते पिवळ्या गाडीपाशी गेले आणि बॉनेटला नाक लागेल इतके खाली वाकले.

"रंगाचे तीन थर आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "हात कसलेला आहे हं मारणाऱ्याचा."

"काका, गाडी विकली गेलीय ही," ती जवळ जाऊन म्हणाली.

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं गाड्या रंगवल्यात मी गॅरेजमध्ये. ठोकलेली गाडी यायची, नुसत्या नजरेनं रंग जुळवायचो. मला सांग, नव्या गाडीत हा पिवळा आहे का?"

"नाही. पांढरा, काळा आणि दोन प्रकारचे करडे."

"मग आमचे चिरंजीव थांबलेत तरी कशासाठी?" म्हातारबुवा ताठ उभे राहिले. "इथे कुणी बाई आहे म्हणे. तिनं सांगितलं थांबा. फार हुशार, गिऱ्हाइकाला फसवत नाही, हसते अशी, बोलते तशी... दोन महिने जेवताना हेच पुराण ऐकतोय मी. म्हटलं, बघावी तरी. कुठे बसते ती?"

रिसेप्शनवालीच्या हातातलं पेन खाली पडलं.

"ती... मीच," ती म्हणाली.

"तू होय?" ते हसले. "घ्या! तुला बघायला आलो आणि नीट दिसतही नाहीस. डोळ्यांचे पडदे चाललेत माझे. आधी डॉक्टर म्हणत होते, दीड वर्ष दिसेल. गेल्या आठवड्यात तपासलं तर म्हणाले, दोन-तीन महिने. माझ्या डोळ्यांतून रंगच आधी गेले बघ. निळा गेला, हिरवा गेला. हा पिवळा तेवढा अजून लख्ख दिसतो. पोरगा म्हणाला होता, बाबा, जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवल्यात, आता तुमच्या रंगाची आपली आणू. परवा त्यानं इथे फोन केला, तर कुणीतरी सांगितलं की विकली. तेव्हापासून तोंड पाडून बसलाय. म्हटलं, निदान बघून तरी यावं."

एक शब्द... तिचा एकच शब्द, तोही कुणीतरी शनिवारी यावं म्हणून टाकलेला! आणि त्यापायी या माणसाच्या डोळ्यांसमोरून त्याची गाडी गेली होती. तिला तिथल्या तिथे रडू फुटलं असतं, पण रडून गाडी परत येणार नव्हती. तिनं दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"डॉक्टर, गाडी ताब्यात देण्याआधी आम्ही तिची दहा किलोमीटरची फेरी मारतो. चालवते मीच. शेजारची सीट रिकामी असते. तिथे कुणाला बसवलं तर चालेल का? माझ्या हातून एक चूक झालीय..." आणि तिनं सगळं सांगितलं. अगदी शनिवारांसकट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओरखडा दिसला तर तुझे बत्तीसच्या बत्तीस काढीन. जा, फिरवून आण त्यांना."

तोवर रिसेप्शनवालीनं मुलाला कळवलं होतं. तो धापा टाकत पोचला तेव्हा गाडी फुटपाथपाशी उभी होती, छत उघडलेलं, आणि आत बाबा पट्टा लावून तयार.

"बाबा! तुम्ही... आणि तुम्ही?" तो दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"दोनच सीट आहेत," बाबा म्हणाले. "तू राहा उभा."

आणि गाडी सुटली. ऊन कडक होतं आणि समोरचं बॉनेट नुसतं झळाळत होतं. म्हातारबुवांचे ओठ हलत होते, वाऱ्यावर पांढरे केस उडत होते आणि ते पापणी न मिटता समोर बघत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "आता खरं सांग. थांब म्हणून का सांगितलंस त्याला?"

आता खोटं कुणासाठी बोलायचं? "ते परत यावेत म्हणून," ती म्हणाली. "मला ते आवडतात, काका."

म्हणून गेली आणि स्वतःच दचकली! ज्याला सांगायचं त्याला सोडून थेट त्याच्या बापाला सांगून बसली होती. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नचा गदारोळ उठला, तरी गिअर कुठे पडतो ते तिला सुचेना. म्हातारबुवा मात्र खोकला येईपर्यंत हसत होते.

परत आले तेव्हा तो तिथेच उभा होता. ती खाली उतरली.

"बाबांच्या डोळ्यांचं मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "पहिल्या शनिवारी सांगितलं असतंत, तर त्याच दिवशी विकली असती मी गाडी!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"गाडी मला पहिल्याच दिवशी पसंत होती." त्यानं मान खाली घातली. "घेतली असती, तर दुसऱ्या शनिवारी कुठल्या तोंडानं आलो असतो? दीड वर्ष आहे म्हणाले होते डॉक्टर... म्हटलं, चार शनिवारांनी काय बिघडतंय. बिघडलं. तुम्ही थांबा म्हणालात, तेव्हा तर मला आनंदच झाला. मीच नालायक."

"नाही हो, मी... मी तर..."

"एकाच माळेचे मणी!" गाडीतून आवाज आला. "इकडे बघा दोघं. नवी गाडी येईल तेव्हा मला काही दिसणार नाही. तुम्ही सांगाल तशी ती असेल, माझी तक्रार नाही. पण सून मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय. तुम्हाला साधी गाडी ठरवायला सात शनिवार लागतात. माझ्याकडे तेवढे आहेत की नाहीत, ठाऊक नाही मला."

"बाबा!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काचेपलीकडे मॅनेजर आणि रिसेप्शनवाली नाक चिकटवून उभे होते. तो चाचरत तिच्याकडे वळला.

"मला हे असं... फुटपाथवर... म्हणजे माझा विचार होता की..."

"आधी विचारा तरी," ती कशीबशी म्हणाली.

"लग्न कराल माझ्याशी?"

"हो."

इतकं पटकन! तो बघतच राहिला. तीही. मग तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि त्यानं तिचे हात आपल्या हातांत धरले.

बाबा दाराचा आधार घेत सावकाश उतरले. "ये पोरी. तिथे सावलीत नको, अशी पुढे उन्हात ये."

ती उन्हात जाऊन उभी राहिली. त्यांनी चष्मा काढला, भिंगं शर्टाला पुसली, परत चढवला आणि तिच्या अगदी जवळ आले. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, नाकाशेजारचा तीळ बघितला. तिचे डोळे भरून वाहत होते, पण ती हलली नाही.

"झालं, बाबा?" मुलानं विचारलं.

"गप रे," बाबा म्हणाले. "बघतोय मी अजून."