तू म्हणायचं कुणी?

तराफा तळ्याच्या मध्यावर पोचला होता आणि रायली काठावर सायकल धरून भिजत उभी होती. मे उजाडला होता, तरी पावसात बर्फाचे कण होते. नोकरीचा पहिलाच दिवस. पलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर वाट बघत असणार... आणि तराफा गेलेला!

तिनं हाक मारली नाही, हात केला नाही. नुसती बघत राहिली. आणि मध्यावर गेलेला तराफा थांबला. लोखंडी दोरावर करकरत चक्क मागे यायला लागला.

वर गुरांचा एक व्यापारी होता. रागानं लाल झालेला. "तार्मो, तराफा कधी अर्ध्यातून मागं फिरतो का रे?"

"फिरला," तराफेवाला म्हणाला.

उंच, रुंद खांद्यांचा, राखाडी डोळ्यांचा गडी. त्यानं तिच्या हातून सायकल घेतली, कठड्याला टेकवली आणि अंगातला मेणकापडी कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. कोट अजून गरम होता.

"फार आभार हं! मी रायली सोर्वाली, नवी नर्स. तुम्ही वळला नसतात तर आज पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली असती. तुमचं नाव तार्मो ना? आत्ताच ऐकलं."

"हं."

"बोलता ना तुम्ही?"

त्यानं जरा विचार केला. "लागलं तर."

रायलीला हसू आवरेना. आणि तो... तो पाण्याकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

रायलीचं घराणं मूळचं कारेलियाचं, पूर्वेच्या सरहद्दीवरचं. युद्धात गाव सरहद्दीपलीकडे गेलं तेव्हा ती आईचा हात धरून आगगाडीत बसली होती एवढंच तिला आठवायचं. पण घरानं गाव सोडलं तरी बोलणं सोडलं नाही. जेवायला बसले की सगळे एकदम बोलणार. रडणार तर मोठ्यानं, हसणार तर त्याहून मोठ्यानं. आणि इथे हामेच्या मुलखात माणसं शब्द वापरायची ते हिवाळ्याच्या जळणासारखे, मोजून मापून.

ती रोज सकाळी तराफ्यावरून जायची, संध्याकाळी परतायची. तिच्या बाळंतिणी, त्यांची बाळं, त्यांच्या सासवा... सगळं ती तार्मोला सांगायची. तो दोरावर हात ठेवून ऐकायचा. एकदा तिनं सांगितलेल्या बाळाचा खोकला तीन दिवसांनी त्यानं विचारला, "थांबला?" तेव्हा तिला कळलं, हा माणूस एक शब्दही खाली पडू देत नाही.

जूनच्या अखेरीस सायकलच्या हँडलला गवताच्या काडीत ओवलेली रानस्ट्रॉबेरीची माळ लटकलेली दिसली. उन्हानं कोमट झालेली, गोड वासाची.

"ही कुणी ठेवली?"

"रानात होती."

"मग काय, चालत आली?"

"...आली असेल."

"पुन्हा आली तर म्हणावं, रायलीला आवडली."

"सांगतो, सिस्टर."

सिस्टर! तिथंच तर सगळं अडायचं. सिस्टर आणि तुम्ही. जिच्याकडे एक कप कॉफी प्यावी ती म्हातारीसुद्धा दुसऱ्या घोटाला तिला तू म्हणायची. हा मात्र, माळ ओवणारा, तिच्यासाठी पाच-पाच मिनिटं तराफा खोळंबवणारा, अजून तुम्हीवरच. त्या तुम्हीच्या पलीकडे ती रोज उभी असायची, आणि तो दोर काही ओढत नव्हता.

रविवारी घरी गेल्यावर तिनं आईला विचारलं, मीच आधी तू म्हणू का? आई भात भरलेल्या, राय धान्याच्या पिठाच्या करंज्या भट्टीतून काढत होती.

"त्यालाच बोलू दे आधी," आई म्हणाली. "कोंबड्याआधी कोंबडी आरवली की लोक तिचं कालवण करतात."

"आणि कोंबडा मुका असला तर?"

"मग अंडी घालत बस!" आई हसली. पण तिचंही तेच म्हणणं होतं: आधी पुरुषानं.

जुलैत घरमालकीण लेम्पी मावशीनं सहज सांगितलं, "तळ्यावरचा नवा पूल ऑगस्टात सुरू होतोय. तराफा बंद. तार्मोला उत्तरेत पाठवतायत म्हणे, लॅपलंडला, कुठल्याशा नदीवरच्या तराफ्यावर."

दुसऱ्या दिवशी रायली तराफ्यावर चढली ती गप्प.

"बरं नाही का?" अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं.

"तुम्ही जाणार आहात हे मला मावशीकडून कळावं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अहो, जे माहीतच नाही ते विचारायचं कसं!"

तराफा त्या दिवशी फार हळू गेला... इतका हळू की काठावरचा ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला.

त्या शनिवारी ती तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात गेली. सूर्य अजून पाण्यावर रेंगाळत होता, अकॉर्डियनवर टँगो चालला होता. एका भिंतीला बायका, समोरच्या भिंतीला पुरुष, मध्ये गुळगुळीत लाकडी जमीन. पुरुषांचा फेरा होता, म्हणजे नाचायला विचारायचं ते पुरुषांनी. सुतार आला, शाळामास्तर आला. रायली दोघांबरोबर नाचली. तार्मो दाराशी टोपी हातात धरून उभा. तो नाचायला येतो हेच लोकांना नवल होतं.

मग फलकावरचा दिवा बदलला. बायकांचा फेरा.

कालवण तर कालवण, रायली मनात म्हणाली, आणि ती रिकामी जमीन एकटी ओलांडून गेली. दोन्ही भिंतींकडचे डोळे तिच्या पाठीला टोचत होते.

"येता?"

"...येतो."

तो सुरेख नाचत होता! इतका मोठा माणूस, पण पाऊल पिसासारखं. पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. दोन गाण्यांनंतर तो तिला जागेवर पोचवणार, तशी रीतच होती.

"तुम्ही चाललात," ती त्याच्या कॉलरकडे बघत म्हणाली. "काहीच बोलायचं नाही तुम्हाला?"

"बोलायचंय."

"मग?"

"तुम्ही परवानगी कुठे दिलीत..."

"कसली?"

"तू म्हणायची." त्याचे कान पेटले होते. "आमच्याकडे बाईनं आधी सांगायचं असतं, आता तू म्हण म्हणून. पुरुषानं आपणहून म्हटलं तर तो उद्धट. मी मेपासून थांबलोय."

रायली भर नाचात थांबली. मागचं जोडपं तिच्यावर आदळलं.

"आमच्याकडे पुरुषानं म्हणायचं असतं! मीसुद्धा मेपासूनच..."

"तुमच्याकडे सगळं बोलतात म्हणून ऐकलं होतं."

"सगळं बोलतात. एवढंच सोडून!"

तो हसला. आवाज काढून हसला! मग तिला पुन्हा नाचात घेऊन हळूच, पावलं न चुकवता म्हणाला, "आई होती तोवर घरात बोलणं होतं. ते काम तिचंच, असं आम्ही धरून चाललेलो. ती गेली, आणि आम्ही तिघं बापलेक कुणी ते काम उचललंच नाही. बाबांनी अजून तिचं नाव घेतलेलं नाही. तिचा कोट तेवढा झटकून परत खुंटीला लावतात... मला तसं नाही राहायचं."

रायलीनं त्याच्या कॉलरवरून नजर वर नेली. "मग मला तू म्हण."

"तू," तो म्हणाला. थांबला. "रायली... तू."

गाणं संपलं. त्यानं रीतीप्रमाणे तिला जागेवर आणून सोडलं, मान झुकवली, आभार मानले. हात मात्र सोडला नाही. पुढचा फेरा पुरुषांचा लागला तेव्हा त्याला मांडव ओलांडावाच लागला नाही.

उरलेले आठवडे भुर्रकन गेले. तो शिकत होता. एखादं वाक्य सुरू करायचा, मध्येच अडकायचा, आणि ती, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघायला शिकत होती.

पूल सुरू झाला. उत्तरेची बस पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. तार्मोनं ट्रंक वर चढवली, स्वतः चढला आणि पायरीवरच वळला. आत माणसं खच्चून भरलेली.

"तिथं नर्स नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "मी विचारलं. त्यांना हवीय. घर लहान आहे, पण खिडक्या नदीकडे."

"हे मागणं आहे, की नोकरीची जाहिरात?"

बसमध्ये कुणीतरी खुसखुसलं. तार्मोनं टोपी काढली.

"मागणं. तू नसलीस की मला दिवस मोजता येत नाही. सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, कळत नाही. माझ्याशी लग्न कर, रायली. मी बोलेन. रोज थोडं थोडं... पण बोलेन."

एवढं मोठं भाषण त्या मुलखात कुणी पुरुषानं भर बसमध्ये केलेलं नव्हतं. रायली उघड्या तोंडानं बघत राहिली.

"बाई, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा," ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "मला उशीर होतोय!"

"हो!" ती रडत हसत म्हणाली. "पण वसंतात. तोवर इथली बाळं कोण बघणार?"

"वसंत चालेल," तार्मो म्हणाला. दार लागलं. काचेमागे त्याचे ओठ हलत होते. तो अजून बोलतच होता, आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

बस गेली. रायली सायकल हातात धरून नव्या पुलावरून चालत निघाली. पलीकडे जायला आता वेळच लागत नव्हता. वेळ लागावा म्हणून ती हळूहळू, एकेक पाऊल टाकत चालत राहिली.