एक कार्य बाकी

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो आधार कार्डाची झेरॉक्स काढायला, आणि माझा कॉम्प्युटर नेमका त्याच वेळी मेला. स्क्रीन काळी झाली ती झालीच.

"माझं तोंड पचलं नाही वाटतं त्याला," तो म्हणाला.

"फोटो बघितला असेल आधारवरचा," मी म्हणाले.

मला वाटलं चिडेल. गिऱ्हाइकाशी असं बोलू नये, हे बाबा मला दुकान उघडल्यापासून सांगतायत. पण तो हसला. हसताना त्याच्या भुवईवरचा पावसाचा थेंब गालावर उतरला, आणि मी उगाचच टेबलावरचे कागद सरळ केले. ते आधीच सरळ होते.

खालापूरला तहसील कचेरीसमोर माझं दुकान आहे, झेरॉक्स आणि छपाईचं. एरवी लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फलक असं काहीबाही चालू असतं. पण तेव्हा पितृपक्ष होता. या पंधरवड्यात शुभ काम कुणी करत नाही, त्यामुळे दुकानात येतात ती फक्त गेलेल्यांची माणसं. कुणाच्या तरी वडिलांचा पिवळा पडलेला फोटो माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "मोठा करून द्या ताई, डोळे नीट दिसू द्या." दिवसभर मी मेलेल्या माणसांचे डोळे नीट करत बसते. बाहेर धुकं असतं, आणि विजेच्या तारेवर कावळे बसलेले असतात. ते ओरडत नाहीत, नुसते बघतात.

"मी कॉम्प्युटरचीच कामं करतो, नेरळला," तो म्हणाला. "ओमकार कराळे. बघू का?"

बघता बघता त्याची दुपार गेली. आतली सिस्टीम पार गेली होती, माझ्या फाइली तेवढ्या शाबूत होत्या. "लिनक्स टाकतो," तो म्हणाला. "फुकट असतं. आणि म्हाताऱ्या मशीनशी प्रेमानं वागतं."

"आणि तरुण माणसांशी?"

"ते वापरणाऱ्यावर असतं," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले.

बाबाही कधीकधी दुकानात बसतात, म्हणून त्याने सगळं मराठीत करून दिलं. प्रिंटर आधी ओळखच देईना. मग त्याने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप केली, काहीतरी शोधलं, परत टाइप केलं, आणि माझा कुरकुऱ्या प्रिंटर खडबडून जागा झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार उभे पट्टे आले. काळा, निळा, गुलाबी, पिवळा.

"ही शाई. किती उरली ते इथं दिसेल. आणि... तुमची हरकत नसेल तर माझ्या फोनवर पण दिसेल. संपत आली की घेऊन येईन."

"खालापुरात शाई मिळते हो."

"शाई मिळते," तो म्हणाला. "मी नाही मिळत."

मी शेजारच्या नंदामावशीकडे चहा आणायला गेले. परत आले तर तो खुर्चीतून उठून उभा होता, आणि तेवढ्यात लाईट गेली. अर्धवट अंधारात त्याने प्रिंटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लाईट आली की... बघा," तो म्हणाला. चहा अर्धाच ठेवला आणि बाइकवरून निघून गेला.

लाईट दुकान बंद करेपर्यंत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, कॉम्प्युटर-प्रिंटरचा मेन चालू केला. कॉम्प्युटर सुरू झाला, प्रिंटर घरघरला. मी कशालाही हात लावला नव्हता, तरी कागद आत खेचला गेला. कोपऱ्यात एक चौकट उघडली होती —

ओमकार : १ कार्य बाकी.

आमच्याकडे लग्नालाही कार्य म्हणतात, आणि माणूस गेलं की दिवस घालतात त्यालाही कार्यच. पण पितृपक्षाच्या सकाळी, धुक्यात, एकटीने 'कार्य बाकी' वाचून बघा. लग्न आठवत नाही.

कागद हळूहळू बाहेर येत होता. आधी जाड काळी चौकट आली. मग ठळक अक्षरं आली — कै. ओमकार दशरथ कराळे.

मी मेन खटकन बंद केला. कागद अर्धा बाहेर लोंबकळत राहिला. तो ओढून काढला आणि बारीक फाडला. नंदामावशी ग्लास न्यायला आली.

"काय झालं गं? तोंड का असं पांढरं पडलंय तुजं?"

"मावशी, जिवंत माणसाचं नाव कुणी कै. लावून छापलं तर?"

मावशी जागच्या जागी थांबली. "असं अभद्र बोलू नाय. छापलं का पुरं?"

"अर्धंच."

"मग पुरं होऊ देऊ नको. पुरं झालं का झालं मग." आणि ग्लास न घेताच ती निघून गेली.

मी ओमकारला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला.

"कसे आहात?"

"मी? बरा आहे की." मग हळूच, "बघितलं का... तुम्ही?"

"काय?"

"काही नाही. काळी शाई जरा उतरलेली दिसली, म्हणून."

त्याला कसं सांगणार? असल्या गोष्टी तोंडाने बोलल्या की खऱ्या होतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी शिकलेली मुलगी आहे, माझा विश्वास नाही. पण ज्या माणसाच्या कानांचा रंग आपण रात्री आठवत बसतो, त्याच्यावर कुणी प्रयोग करून बघतं का?

त्यानंतर रोज सकाळी तेच. प्रिंटर चालू केला की ती चौकट, तेच कार्य, तोच कागद. कधी मी 'कै.' येताच मेन पाडायची, कधी नाव पूर्ण यायचं. एकदा माझा हात चुकला आणि खालची ओळही आली — 'यांचे उत्तरकार्य'. त्याखाली 'दिनांक' एवढं उमटलं, आणि मी वायरच उपटली. ती तारीख मला बघायची नव्हती. दिवसभर मात्र तीच डोक्यात घोळत राहिली. उद्याची असेल? परवाची? फोटोवाल्यांना मी परत पाठवत होते, नुसत्या झेरॉक्सवर दुकान रेटत होते. आणि रोज सकाळी काळा पट्टा थोडा थोडा खाली जात होता. वाटायचं, तो शाईचा नाहीच. त्याचाच आहे.

एका दुपारी तो आला. धुक्यातून, बाइकवर, नखशिखांत भिजलेला.

"बाइकने कशाला आलात?" मी ओरडलेच. "रस्ता बघताय ना? टँकर कसे अंगावर येतात!"

"काळजी करता?"

"तुमची नाही. शाई सांडेल."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "रोज सकाळी काळी उतरते. दुकान उघडलं की लगेच. म्हणजे तुम्ही रोज... बघता?"

"रोज," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "अमावास्या होईपर्यंत इकडे येऊ नका. खरंच सांगते. त्या रस्त्याने येऊच नका."

त्याची मान खाली गेली. "बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. बाइकचा लाल दिवा धुक्यात विझेपर्यंत मी दारात उभी होते. तो रस्त्याला लागला तेव्हा तारेवरचे कावळे एकदम उडाले. का उडाले, कुणास ठाऊक.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. आत न येता दारातच थांबला.

"फोनवरचं तुमच्या शाईचं काढून टाकतो म्हटलं," तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरवरूनच बंद करावं लागेल. उद्या सकाळी सुरतला चाललोय. नोकरी आहे."

"उद्या अमावास्या आहे."

"माहितीय."

"कसे जाणार?"

"बाइकने."

"नाही जायचं!" टेबलावरचा स्टेपलर खाली पडला.

"का पण?" त्याचाही आवाज चढला. "रोज ते पान काढता आणि रोज गप्प बसता. नाही म्हणायचं तर नाही म्हणा ना, हर्षला! माणसाला असं झुरवू नये."

"कुठलं पान? त्याच्यावर काय आहे, माहितीय तुम्हाला?"

"मला नाही तर कुणाला? मीच तर लिहिलंय."

स्वतःचं मरण स्वतः लिहिणारा माणूस माझ्या दारात उभा होता, आणि त्याच्या मागे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. हसू नका, पण मी त्याच्या पायांकडे बघितलं. चिखलाने भरलेले होते, चपलेचा अंगठा तुटलेला होता, पण होते सरळच.

"स्वतःचं मरण कोण छापतं, ओमकार?"

"मरण?" तो आत आला. "कसलं मरण?"

मग मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, आणि रडताना चिडले, कारण तो तोंड उघडं टाकून नुसता बघत होता. त्याने आधी प्रिंटरचं बटण बंद केलं, मग मेन चालू केला. कोपऱ्यात चौकट आली. ओमकार : १ कार्य बाकी.

"अहो, कार्य म्हणजे छपाईचं काम," तो हळूच म्हणाला. "मराठीत केलं ना मी सगळं, तर ते असं लिहितं. ओमकार म्हणजे मी पाठवलेलं. त्या दिवशी लाईट गेली आणि काम अर्धं राहिलं. तुम्ही रोज मध्येच वीज तोडता, मग त्याला वाटतं काम झालंच नाही, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. सुरू होताना नळ्या धुवायलाही शाई जाते. त्यात हे पट्टे म्हणजे नुसता अंदाज. खरी शाई किती उरलीय, प्रिंटरला पण ठाऊक नसतं. आणि मला मूर्खाला वाटलं, तुम्ही रोज ते काढून वाचता."

"म्हणजे मी बंद करत होते म्हणूनच ते येत होतं?"

"हो. एकदा पुरं आलं असतं तर थांबलं असतं."

पुरं झालं का झालं मग. मावशीचं वाक्य आठवलं आणि मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. "पुसून टाका. पुसता येतं ना?"

"येतं." त्याने माउस धरला, पण दाबेना. "पुसतो. पण मग तुम्ही ते कधीच वाचणार नाही. आणि मला परत लिहायची हिंमत होईल असं वाटत नाही."

शटरबाहेर पाऊस थांबला होता. टोलनाक्याकडच्या गाड्यांचा आवाजही येत नव्हता. मला भीती वाटत होती, खरंच वाटत होती. तरी मीच पुढे होऊन प्रिंटरचं बटण दाबलं.

कागद आत गेला. काळी चौकट आली. कै. आलं, आणि त्याखाली त्याचं नाव. ओमकारचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कै. कुठून आलं?"

कोपऱ्यातला काळा पट्टा तळाला टेकला होता. 'यांचे उत्तरकार्य'. अक्षरं फिकट होत चालली. 'दिनांक' अर्धाच उमटला आणि काळी संपली. प्रिंटर क्षणभर थांबला. मग उरलेल्या तीन रंगांतून त्याने कसाबसा एक काळा जमवला. तो काळा नव्हता, सुकलेल्या जखमेसारखा तांबूस होता. त्या रंगात शेवटची ओळ उतरली —

दिनांक : हर्षला सांगेल ती.

मी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना मी स्टुलावर बसले.

"मी 'कार्य' नावाची फाइल उघडली," तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं लग्नपत्रिकेची. त्यात नुसते प्रश्न होते. कार्य कोणाचे? मी माझं नाव लिहिलं. तारीख? मी लिहिलं... हे. पत्रिका दिसलीच नाही, घाईत सरळ छापायला टाकली. तुम्ही चहा घेऊन याल आणि ती तुमच्यासमोर बाहेर येईल, असं..."

घाईच्या वेळी नुसतं नाव-तारीख भरली की पत्रिका तयार व्हावी, म्हणून ती फाइल मीच बनवली होती. गेलेल्यांच्या कार्याची. नावाआधी 'कै.' तीच लावते.

"मेल्या—" तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. मग हसू आलं, मग पुन्हा रडू. "मी रोज सकाळी तुला वाचवत होते, आणि तू मला मागणी घालत होतास? पितृपक्षात? उत्तरकार्याच्या पत्रिकेवर?"

"चुकलं," तो म्हणाला. मग अगदी हळू, "वाचवत होतीस?"

"हो. कारण मला तू हवा आहेस. धडधाकट. सुरतला नाही, इथं."

तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. ओला कागद आमच्या दोघांच्या हातात होता आणि त्यावरची तांबूस ओळ अजून वाळली नव्हती. बाहेर तारेवर कावळे परत येऊन बसले होते, आणि मला वाटलं, ते सगळे कान देऊन ऐकतायत.

"मग सांग ना तारीख," तो म्हणाला.

"लग्नाची मार्गशीर्षात. बाबांना विचारायला ये, मग सांगते."

"आणि..." त्याने कागदाकडे बघितलं. वरच्या त्या 'कै.'वर बोट ठेवलं. "आणि याच्यावरची?"

मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. कावळ्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाले,

"ती मी सांगणारच नाही. कधीच. बघू कसा जातोस ते."