तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डनेडिनच्या एका प्रकाशकाकडून आमच्या वाचनालयात एक खोकं आलं. आत एकाच कादंबरीच्या चार प्रती आणि छापील कागदांचा पातळसा गठ्ठा होता. कादंबरी अजून बाजारात यायची होती. 'मीठमुलूख' या अद्भुत कथामालेचा हा दुसरा भाग, 'पाण्याखालची वाट'. पहिला भाग आमच्या रिव्हर्टन गावात इतका वाचला गेला होता, की आमच्या प्रतीला मी दोनदा शिवण घातली होती. प्रकाशकाला लहान गावांतल्या वाचकांची मतं हवी होती. कागदावर तीनच प्रश्न होते. काय आवडलं, कुठे कंटाळा आला, आणि कोणतं पात्र मनात राहिलं. ऑगस्टअखेर कागद परत पाठवायचे होते.

मी आयलीन. एकतीस वर्षं मांसाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जंतू मोजले आणि निवृत्त झाल्यावर आठवड्यातले तीन दिवस वाचनालय उघडायला लागले. दिसेल तेच लिहायचं, ही सवय अंगात मुरलेली आहे. पुढचंही तसंच लिहिते आहे. त्यात एक गोष्ट अशीही येईल. ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती.

आमचा वाचकांचा गट लहान. दर गुरुवारी दुपारी दोनला, खाडीकडच्या खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही बसतो. हेदर गिल्क्रिस्ट टपालाचं दुकान चालवते. गावातली अर्धी पत्रं ती पाकिटावरून वाचते आणि उरलेली अर्धी चेहऱ्यावरून. तामाती शाळेत सुतारकाम शिकवतो, तिशीतला, मला आंटी म्हणतो. आणि मर्डो किनेर्ड. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यानं सामुद्रधुनीत मासेमारीची बोट चालवली. त्याची बायको मेरेआना दोन हिवाळ्यांपूर्वी आजारानं गेली. ती आमच्यातली सगळ्यात भरभर वाचणारी. तिच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. हेदर तिथे आपली पर्स ठेवते.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी दक्षिणेचा थंड वारा काचा हलवत होता; आमच्याकडे तेव्हा ऐन हिवाळा असतो. मी चहा ओतला.

"पहिल्या भागाची मजा नाही यात," हेदरनं सुरुवातच तशी केली. "कालचा चहा आज गरम करून दिल्यासारखं. राजकन्या तीच, तलवार तीच, नुसती वाट लांबवलीय."

"एवढं वाईट नाही हं," तामाती म्हणाला. "खारफुटीतली लढाई मस्त आहे. होडी बांधण्याचं वर्णन तर इतकं बरोबर आहे, की लेखिकेनं रंधा हातात धरलेला असणार."

"ते सोड. ती मोजे वाळवणारी बाई मात्र झकास."

"हो ना! मी तिसऱ्या प्रश्नाला तिचंच नाव... म्हणजे नाव नाहीये तिला. पण तिचंच लिहिलंय."

मी किटली खाली ठेवली. "कोण बाई?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"अगं, चुलीपाशी बसलेली," हेदर म्हणाली. "लोकरीचे ओले मोजे वाळत घालत असते. फार बोलत नाही."

मी कादंबरी दोनदा वाचली होती. चारशे बारा पानं. पात्रांची यादीच केली होती, अडतीस नावं भरली. त्यात चुलीपाशी बसलेली कुणी नव्हती.

"झोप लागली असेल तुला मध्येच," हेदर म्हणाली आणि तिनं आपली प्रत उघडली. डाव्या हाताचं पान, वरच्या बाजूला, नावाड्याच्या प्रसंगाजवळ, असं तिला पक्कं आठवत होतं. तामाती म्हणाला, छे, पार शेवटी, लढाई संपल्यावर. दोघांनी दहा मिनिटं पानं उलटली. शेवटी हेदरनं पुस्तक पटकन मिटलं.

"तुझ्या त्या सूक्ष्मदर्शकाखाली घाल आणि शोध जा. मी काय स्वप्नात वाचलं?"

मर्डोनं विचारलं, "कसे वाळवते?"

"काय कसे?"

"मोजे. कसे घालते वाळत?"

"चुलीच्या पुढच्या लोखंडी दांडीवर," हेदर म्हणाली. "उलटे करून. टाच बाहेर ओढून."

मर्डोनं चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला.

"मी अजून तिथवर पोचलो नाही," तो म्हणाला. "दिवसाला दहाच पानं होतात माझी."

त्या संध्याकाळी मी घरी चारही प्रतींचा विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी हेदरची प्रत मागून आणली आणि माझ्या प्रतीच्या शेजारी ठेवून, पट्टी लावून, ओळ न् ओळ ताडून पाहिली. फरक नव्हता. प्रकाशकाकडे फोन केला. फोनवरची मुलगी नम्र होती. असं पात्र कादंबरीत नाही, पहिल्या मसुद्यातही नव्हतं, ती म्हणाली. वाचकांचा दुसऱ्या एखाद्या पुस्तकाशी घोळ झाला असेल. मलाही तेच पटलं. दोन माणसांचा एकच घोळ होणं अवघड असतं, पण अशक्य नसतं.

पुढच्या गुरुवारी हेदरनं पर्स खुर्चीवर ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसली.

"मी ते परत चाळलं," ती म्हणाली. "तिनं आता दोन ताटल्या मांडल्यात."

"कुठल्या पानावर?"

"पान बघायला गेलं की नसतं गं. वाचत गेलं की येतं." हेदरचा आवाज पहिल्यांदाच मला लहान वाटला. "मागच्या वेळी एकच ताटली होती."

तामातीनं आपली प्रत पिशवीतून काढून टेबलावर माझ्यापुढे सरकवली.

"आंटी, ही घ्या. मला नको."

"अरे, कागद अर्धा राहिलाय तुझा."

"राहू दे. ती विचारायला लागलीय."

"काय?"

त्यानं मर्डोच्या खुर्चीकडे बघितलं. मर्डो त्या दिवशी आला नव्हता.

"तो कुठवर आलाय म्हणून."

कुणी हसलं नाही. आम्ही त्या दिवशी लवकर उठलो.

मी पूल ओलांडून मर्डोकडे गेले. तो बंदराच्या धक्क्यावर, बोटीला टेकून वाचत होता. हातमोजे काढलेले, बोटं थंडीनं जांभळी पडलेली. गाल बसले होते. विचारलं, जेवतोस की नाही? म्हणाला, जेवतो की.

"मर्डो, ते पुस्तक दे मला. कागद पाठवायचे आहेत."

"पान तीनशे सदुसष्ट," तो म्हणाला. "सगळ्यांना भेटली. हेदरला भेटली, त्या पोराला भेटली. मलाच नाही."

"अरे, त्या पुस्तकात अशी कुणी नाहीच. मी दोनदा वाचलंय."

"तू टाच बाहेर ओढून मोजे वाळवणारी दुसरी कुणी बाई बघितलीयस?"

मेरेआना तसे वाळवायची हे मलाही माहीत होतं. गावात कुणालाही माहीत असण्यासारखी ती गोष्ट होती. हेदरच्या डोक्यात कुठेतरी ती पडून असेल आणि वाचताना वर आली असेल, असं मी त्याला समजावलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर पानावरच होती.

"मंगळवारी संपेल," तो म्हणाला. "मंगळवारी ये. दुपारी. तोवर मागू नकोस."

मी हो म्हटलं. इथे मला एक खरं सांगायला हवं. दोन हिवाळे मी त्याच्याकडे काही ना काही घेऊन जात होते. कधी सूप, कधी पाव. हेदर त्यावरून मला टोमणे मारायची आणि मी चिडल्याचं दाखवायची. मर्डोला त्यातलं काही कळलं होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

मंगळवारी मी चीज रोल केले, ताटलीत रचून त्यावर निळं फडकं टाकलं आणि तीनच्या सुमारास निघाले. आकाश स्वच्छ होतं. ओहोटी लागली होती आणि खाडीतला चिखल उन्हात चमकत होता.

त्याच्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता.

मेरेआना गेल्यापासून त्यानं घरातली चूल पेटवली नव्हती. खोली विजेवर गरम करायचा. लाकडं फोडायला आता कोण आहे, म्हणायचा.

फाटक उघडलं. अंगणात लाकडाच्या ताज्या ढलप्या पडल्या होत्या. दाराशी पोचले तेव्हा वास आला. ओल्या लोकरीचा. गरम दांडीवर ओली लोकर टाकली की येतो तो.

आत मर्डो बोलत होता.

शब्द कळत नव्हते. मग थांबला. मग एका बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला, काहीतरी विचारणारा. आणि मर्डो हसला.

दोन वर्षांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

मी दार ठोठावायला हात वर केला.

माझा हात तसाच राहिला. मी स्वतःला सांगितलं, पाहुणी आली असेल. इन्व्हरकार्गिलहून बहीण आली असेल. अशा वेळी मध्ये जाणं बरं नाही.

त्याला बहीण नव्हती. ते मला माहीत होतं.

आत भांड्याचा आवाज झाला, कुणीतरी ताटल्या मांडत होतं. एक. दोन.

थोडं थांबून, तिसरी.

मी हात खाली घेतला आणि परत फिरले. फाटक लावताना कडीचा आवाज होऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेदरनं त्याचं टपाल नेलं तेव्हा दार सताड उघडं होतं. आम्ही सगळे गेलो. बोट धक्क्याला होती, गाडी दारात, बूट पायरीवर. चूल अजून कोमट होती. टेबल पुसून स्वच्छ केलेलं. मध्यभागी कादंबरी मिटून ठेवली होती, तिच्या कडा ओलसर होत्या. आत त्याचा कागद होता. पहिल्या दोन प्रश्नांपुढे त्यानं रेघ मारली होती. तिसऱ्यापुढे एकच शब्द लिहिला होता. पोचलो.

हवालदारानं सगळ्यांना विचारलं, शेवटचं कधी पाहिलंत? मी म्हटलं, गुरुवारी, धक्क्यावर. खोटं नव्हतं. मंगळवारी मी त्याला पाहिलं नव्हतंच.

सहा दिवस खाडी आणि किनारा धुंडाळला. तामाती रोज होडी घेऊन जायचा आणि अंधार पडताना परतायचा. काही मिळालं नाही. हेदरनं एकदा दुकानात मला विचारलं, "तू मंगळवारी त्याच्याकडे जाणार होतीस ना?" मी म्हटलं, डोकं दुखत होतं, राहिलं. तिनं माझ्याकडे पाकिटाकडे बघतात तसं बघितलं आणि सुटे पैसे मोजून दिले.

हेदरचा आणि माझा कागद मी मुदतीत पाठवला, तामातीचा अर्धाही. मर्डोचा ठेवून घेतला. तिसऱ्या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं, नावाडी.

कादंबरी नोव्हेंबरात बाजारात आली. डिसेंबरात प्रकाशकानं आभाराचं पत्र आणि एक चिमुकली पुस्तिका पाठवली, देशभरच्या वाचकांच्या निवडक मतांची. गुरुवार होता, पण आता आमच्यातलं कुणी जमत नाही. मी एकटीच त्या टेबलाशी बसून वाचत होते. मतं तशी नेहमीची होती. कुणाला लढाई लांबलेली वाटली, कुणाला राजकन्येचा राग आला, गोर गावच्या एका बाईंना नकाशा हवा होता. हेदर-तामातीला भेटलेली ती बाई कुठेच नव्हती. मोजे नाहीत, चूल नाही. वाचता वाचता माझे खांदे सैल झाले.

शेवटच्या पानावर पार उत्तरेच्या टोकाहून, कैतायाहून आलेलं मत होतं. तिथल्या कुणाला मी ओळखत नाही.

'चुलीपाशी बसलेलं म्हातारं जोडपं फार आवडलं. मात्र एक गोष्ट पटली नाही. निळ्या फडक्याखाली ताटली झाकून आणणारी ती शेजारीण ठोठावायला हात वर करते आणि परत जाते, असं लेखिका म्हणते. पण ती गेलेली नाही. त्यापुढच्या प्रत्येक पानावर ती दाराबाहेर उभीच आहे. आत तिची ताटलीही मांडलेली आहे. तिसऱ्या भागात तिला आत घ्यावं.'