सुरुंग ऐकायला निघालेला पाहुणा

भोंगा वाजला. टेकडीवर नवी वेधशाळा उभी राहत होती, तिथली सगळी माणसं फोडायच्या कातळापासून दूर पळाली. परग्रहावरून आलेला तिऊ मात्र थेट कातळाकडे निघाला. शर्वरीच्या आजोबांनी स्फोट थांबवायला लावला आणि त्याला हाताला धरून परत आणलं. एवढा हुशार पाहुणा मरायला का निघाला होता?

"मला सूर ऐकायचे होते," तिऊ म्हणाला. "शर्वरी म्हणाली, आज सुरुंग आहे."

शर्वरी बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

आजोबा भाषाशास्त्रज्ञ (भाषा कशा घडतात, बदलतात ते अभ्यासणारे) होते. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "तिऊचे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये उतरले होते. त्यांनी तिथली भाषा सोबत नेली. त्या भाषेत मेंढपाळाच्या पाव्याला म्हणायचे 'सुरिंक्स'."

"पावा कुठे आणि सुरुंग कुठे," शर्वरी पुटपुटली.

"पावा म्हणजे पोकळ नळी. नळीसारखं म्हणून भुयारालाही तेच नाव पडलं. तो शब्द आपल्याकडे येऊन संस्कृतात 'सुरुङ्गा' झाला. पुढे लोक असं भोक पाडून त्यात दारू ठासायला लागले, तेव्हा मराठीत ते नाव स्फोटाला चिकटलं. याला अर्थांतर (शब्द तोच, पण अर्थ सरकलेला) म्हणतात. एकेका पिढीने थोडं थोडं सरकवलं, म्हणून कुणाला कळलंच नाही. पण शर्वरी, तिऊने तुला काही विचारलं नव्हतं?"

आता थाप मारून चालणार नव्हतं.

"विचारलं होतं. सुरुंग वाजतो का म्हणून. मी म्हटलं, वाजतो की, अगदी जवळून ऐक. वाटलं, भोंग्याला घाबरून पळेल आणि मजा येईल." तिचे कान तापले. कुठेतरी तोंड लपवावं असं तिला झालं. आजोबा रागावले असते तर बरं, पण त्यांनी फक्त तिऊच्या अंगावरची धूळ झटकली.

तिऊही रागावला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "मी इथले शब्द घरी नेणार आहे. 'पाहुणा' म्हणजे काय?"

"ज्याला जपायचं, तो," शर्वरी म्हणाली.

"हा जुना अर्थ की आजचा?"

शर्वरीचे डोळे भरून आले. "जुना," ती म्हणाली. "आज मी तो सरकवला. तू लगेच जाऊ नकोस, तिऊ. मला तो जागेवर आणू दे."