स्टिअरिंग जड लागतंय

काल दुपारी भाचा जीप घेऊन गॅरेजला आला, तेव्हा तक्रार अगदी साधी होती. “मामा, स्टिअरिंग जड लागतंय.” त्याच्याबरोबर ताई होती, माझी थोरली बहीण. ती गॅरेजकडे कधी फिरकत नाही, तेलाच्या वासाने तिचं डोकं उठतं. काल मात्र आली, रिकाम्या पिंपावर बसली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मला ते मुळीच आवडलं नाही.

जीप दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. बावीस वर्षांची गाडी. डोंगरमाथ्यावरच्या टॉवरवर राहणाऱ्या कामगारांना पाणी, डिझेल, शिधा पोचवायचं काम ते करायचे. चार महिन्यांपूर्वी वरच्या वळणावर गाडीने रस्ता सोडला. दाजी दरीत फेकले गेले आणि गाडी मात्र झाडाला अडकून उभी राहिली. आता ते काम भाच्याकडे आलं आहे. उद्या सकाळी त्याची पहिली फेरी ठरली होती.

तुम्ही एवढं ऐकायला बसलाच आहात, तर जे कुणालाच सांगितलं नाही तेही ऐका. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी दाजी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. स्टिअरिंगच्या पंपाकडून येणारा तेलाचा पाइप फुगला होता, आज ना उद्या फुटणार आणि ऐन वळणावर स्टिअरिंग दगड होणार हे दिसत होतं. नवा पाइप माझ्याकडे नव्हता. मी तेल भरलं, पंपाचा पट्टा ताणला आणि म्हणालो, “बिनधास्त जा दाजी.” दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणायलाही मीच गेलो. पाइप उभा फाटलेला होता. पोलीस बघायला यायच्या आत मी तो बदलला आणि मूग गिळून बसलो. मी वाईट माणूस नाही हो. पण हे मी केलं.

म्हणून काल ताईची नजर टोचत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मी कामाला लागलो. आधी टायरची हवा पाहिली. तेल पाहिलं, लाल, स्वच्छ, फेस नाही. पट्टा ताठ. गेज लावून पंपाचा दाब पाहिला, तोही चोख. पुढची चाकं जॅकवर उचलली, स्टिअरिंगचा दांडा सोडवला आणि चाकं हाताने फिरवली. लोण्यासारखी फिरली. स्टिअरिंगचा वरचा गिअरबॉक्सही मोकळा. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तर सगळे निर्दोष, आणि एकत्र आले की कुणीतरी खोटं बोलतंय. भाच्यावरही माझा संशय गेला. आईला काळजी वाटावी म्हणून सोंग करतो की काय?

मग मी दांडा परत जोडला आणि ताणकाटा काढला. स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला त्याचा आकडा अडकवून ओढायचं, किती किलोला स्टिअरिंग हलतं ते काटा सांगतो. काटा कुणाची भीड धरत नाही. इंजिन चालू केलं आणि दाराबाहेर उभं राहून ओढलं. तीन किलो. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. जुन्या जीपला एवढं असायचंच.

“नीट आहे की,” मी म्हणालो.

“मी बसल्यावर जड होतं,” भाचा म्हणाला.

तो सीटवर बसला. हात मांडीवर ठेवायला लावले. मी पुन्हा ओढलं. काटा पाच, आठ करत अकरावर गेला. अकरा किलो! चाकं अधांतरी, इंजिन चालू, आणि आतून कुणीतरी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्यासारखं. भाच्याला उतरवलं, तीन. बसवलं, अकरा. चार वेळा केलं.

ताई पिंपावरूनच शांतपणे म्हणाली, “बाप आहे तो. पोराला जाऊ द्यायचं नाही त्याला.”

“आई, काहीतरीच काय! जड तर जड, मला हात नाहीत का? टॉवरवरची माणसं पाण्यावाचून ठेवायची का?”

मला खरं तर हायसं वाटलं. दाजी रागावलेले नाहीत, पोराला जपताहेत. असतील तर असू देत बापडे.

“आता तू बस,” ताई म्हणाली.

“मी कशाला?”

“बस ना रे... बघू तरी.”

नाही म्हणायला कारण सुचेना. मी बसलो. सीट थंडगार होती, इंजिन तापलेलं असूनही. भाच्याने बाहेरून काटा लावला.

“मामा...”

“किती?”

“काटा हलतच नाहीये... पण चाक फिरतंय.”

मी बघत होतो. भाच्याने ओढायच्या आधीच चाक फिरत होतं. हलकं, अलगद, एखाद्याने ‘या, या’ म्हणत जागा करून द्यावी तसं. डावीकडे... थेट डावीकडे. त्या डोंगराच्या वाटेवर चढताना दरी डावीकडे आहे.

मी उडी मारूनच बाहेर आलो. ताई उठली, पदर झटकला. “तुझ्या हाताला हलकं आहे बघ,” ती म्हणाली. “परवाची पहिली फेरी तूच मार. पोराला नको पाठवायला.”

भाचा गाडी पुसायला फडकं आणायला आत गेला. तेवढ्यात माझा धीर सुटला. “ताई, त्या दिवशी... तो पाइप...”

“माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

तिने माझ्या गालावरचा तेलाचा डाग पदराने पुसला, लहानपणी पुसायची तसाच. आणि घराकडे चालू लागली.

मी नाही म्हटलं तर भाचा जाणार, अकरा किलोचं चाक ओढत त्या वळणावर. त्याला मी जाऊ देणार नाही. एकदा ‘बिनधास्त जा’ म्हणून चुकलोय. म्हणून उद्या सात वाजता मी निघतोय. गाडीत खोट काढायला जागा नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक!

तुम्ही यायच्या जरा आधी भाचा डबा देऊन गेला, उद्यासाठी. ताईने भरलेला. उघडून पाहिला तर जेवण दोन माणसांचं.

“तू येतोयस की काय?” मी विचारलं.

“नाही. मीही तेच म्हणालो, एवढं कशाला? तर आई म्हणाली, मामा एकटा कुठे चाललाय!”