जांभूळबेटामागचं जाळं

"अबे गोलू, वल्हं मार! डोंगा गोल फिरून राहिला!" खुशबू ओरडली.

"मी काय करू? शिडाचा बांबूच चिरला ना!"

ताडपत्रीचं शीड दोघांच्या डोक्यावर येऊन पडलं होतं. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या टेकड्यांची आता बेटं झाली होती आणि दिवाळीच्या सुटीत मामाच्या गावी आल्यावर ती सगळी पालथी घालायची, असं या मावसभावंडांनी ठरवलं होतं. जुना डोंगा जीवनमामाने दुरुस्त करून दिला होता. फटींत चिंध्या कोंबून, वर डांबर फासून! असा मामा साऱ्या पवनी तालुक्यात नाही, असं गोलू ज्याला त्याला सांगायचा.

तेवढ्यात एक नाव जवळ आली. तिच्यात त्यांच्याच वयाची मुलगी होती, रुचिता.

"अरे बाप्पा! असा बांधतेत का बांबू?" ती हसली. तिने चिरलेल्या जागी आडवी काठी लावली आणि जाळ्याच्या दोरीने करकचून आवळली.

झाली की मैत्री! रुचिताचे बाबा, धनीराम, मासे धरायचे. तिने दोघांना बेटं दाखवली. रिकाम्या बाटल्या तरंगतात तिथे खाली जाळी असतात, तेही दाखवलं.

"रात्रभर अशीच? कोणी चोरत नाही?" गोलूने विचारलं.

"दुसऱ्याच्या जाळ्याले आमच्यात कोणी हात लावत नाही!"

संध्याकाळी मामा चहा पीत विचारायचा, "आज कुठं कुठं गेले होते बे? काय पाहिलं?" आणि गोलू पोपटासारखा सगळं सांगायचा. त्याचं असं मन लावून घरात दुसरं कोणी ऐकतच नव्हतं.

दोन दिवसांनी रुचिता काठावर उभी होती. डोळे लालभडक!

"आमचे दोन्ही जाळे गेले. तुमी आल्यावरच काहून गेले?"

"आमी कायले चोरू?" गोलू चिडला.

"तुमाले सोडून कोणाले दाखवलं होतं मी? आता बाबा म्हणते, नागपूरले मजुरीले जाऊ. माही शाळा सुटते! जा तुमी!"

दोघं मान खाली घालून आपल्या डोंग्याकडे वळली. डोंग्यात पाय ठेवताच खुशबू थबकली. काल कोरडा करून काठावर ओढलेला डोंगा ओला होता आणि तळाशी माशांचे खवले चिकटले होते.

"गोलू, आपण तर एकही मासा धरला नाही. जाळ्यांच्या जागा तू कोणाले सांगितल्या?"

"गप बस! माहा मामा हाय तो!" गोलू तिच्या अंगावर धावून गेला. मग मटकन खाली बसला आणि हमसून रडायला लागला. कारण उत्तर त्यालाही कळलं होतं.

खुशबूने त्याला ओढतच धनीरामकाकांकडे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी जांभूळबेटामागे एक फाटकं जाळं सोडलं.

संध्याकाळी गोलू म्हणाला, "मामा, जांभूळबेटामागं नवंकोरं जाळं हाय."

"हुशार हाय माहा भाचा!" मामाने पाठ थोपटली. गोलूला जेवण गेलं नाही.

फटफटायच्या वेळेला काका आणि बाकीचे मासेमार नावा घेऊन झुडपांआड दबा धरून होते. मुलंही होती. आणि ताडपत्रीचं शीड आलंच! मामाने जाळं ओढलं तोच नावांनी त्याला चहूबाजूंनी घेरलं.

"अबे, गंमत करून राहिलो ना मी!" मामा हसला. पण त्याच्या गोठ्यात भाताच्या तणसाखाली दोन्ही जाळी सापडली, तेव्हा त्याचं हसू पळालं. "पोरांच्या डोंग्यावर कोण शक घेते," तो पुटपुटला. म्हणजे डोंगा भाच्यांसाठी दुरुस्त झालाच नव्हता!

गाव गोळा झालं. सरपंच मंगलाबाई म्हणाल्या, "शाब्बास पोरांनो! घरच्या माणसाविरुद्ध खरं बोलाले छाती लागते." धनीरामकाकांनी नागपूरचा बेत तिथेच मोडला. रुचिता पुढे आली. "मी तुमाले चोर म्हटलं. चुकलंच माहं."

मामा मात्र गोलूकडे बघून गुरकावला, "सख्खा भाचा असून मले पकडून देते?"

गोलूने डोळे पुसले.

"मले वाटे, मामा," तो म्हणाला, "तुले माह्या गोष्टी आवडतेत."

मामाने खाली पाहिलं. गोलू काठावर जाऊन रुचिताच्या नावेत बसला.